फुफ्फुसीय धमनी उच्च रक्तदाबाच्या उपचारात मार्गदर्शक तत्त्वे प्रत्यक्षात कशी वापरावीत?

फुफ्फुसीय धमनी उच्च रक्तदाब, म्हणजे हृदयाकडून फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांतील वाढलेला दाब, यावरील मार्गदर्शक तत्त्वांतील औषधांचा तक्ता थेट रुग्णाला लावता येतो का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते तक्त्याकडे वळण्यापूर्वी निदान पक्के असणे अधिक महत्त्वाचे आहे. केवळ इकोवरून (हृदयाच्या सोनोग्राफीवरून) औषधे सुरू करू नयेत. 2022 च्या युरोपीय तत्त्वांनुसार उजव्या हृदयाच्या कॅथेटर तपासणीत (शिरेतून बारीक नळी नेऊन दाब मोजताना) फुफ्फुसीय धमनीचा सरासरी दाब 20 मिमी पाऱ्यापेक्षा अधिक, वेज दाब (डाव्या हृदयाकडील दाबाचा अंदाज देणारे माप) 15 किंवा त्याहून कमी आणि फुफ्फुसीय रक्तवाहिन्यांचा रोध 2 वुड एककांपेक्षा अधिक असावा लागतो. शिवाय डाव्या हृदयाचे विकार, फुफ्फुसांचे आजार आणि जुन्या गुठळ्या ही कारणे वगळावी लागतात.

त्यानंतर रुग्णाची जोखीम, म्हणजे आजारामुळे मृत्यू येण्याची शक्यता, ठरवावी. हृदय-फुफ्फुसांचे अन्य आजार नसलेल्या कमी किंवा मध्यम जोखमीच्या रुग्णाला सुरुवातीपासूनच एंडोथेलिन-रोधक (रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या एंडोथेलिनला रोखणारे औषध) आणि रक्तवाहिन्या सैल करणारे टाडालाफिलसारखे औषध अशी जोडी दिली जाते, तर उच्च जोखमीत शिरेतून किंवा त्वचेखाली प्रोस्टासायक्लिन गटातील (रक्तवाहिन्या रुंदावणारे) औषधही जोडण्याचा विचार होतो. मात्र वयस्कर, लठ्ठ, मधुमेही रुग्णांत, जे प्रत्यक्षात वारंवार भेटतात, एकाच औषधाने सुरुवात करून सावधपणे पुढे जाणे सुचवलेले आहे. कॅल्शियम-रोधके केवळ रक्तवाहिनी-प्रतिसाद चाचणी (औषध दिल्यावर धमनीतील दाब लगेच पुरेसा उतरतो का हे पाहणारी) सकारात्मक आलेल्या मोजक्या रुग्णांसाठीच आहेत. रिओसिग्वाट (रक्तवाहिन्या सैल करणारे आणखी एक औषध) आणि टाडालाफिलच्याच गटातील सिल्डेनाफिल एकत्र कधीही देऊ नयेत.

साधारण तीन ते सहा महिन्यांनी कार्यश्रेणी (रोजच्या हालचालींत किती त्रास होतो याची पातळी), सहा मिनिटांत चालता येणारे अंतर आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरील ताण दाखवणारी रक्तचाचणी) पुन्हा तपासून, रुग्ण कमी जोखमीत आलेला नसल्यास उपचार वाढवावेत.