नागपुरात घरच्या कॉम्प्युटरसाठी बॅटरी बॅकअप कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की घर वरच्या मजल्यावर आहे, एक डेस्कटॉप, वायफाय आणि टीव्ही आहे. लाईन बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांसाठी जाते, पण मे-जूनच्या वादळात दोन-तीन तासही येत नाही. दुकानदार १५०० व्हीएचा यूपीएस (लाईन जाताच कॉम्प्युटर बॅटरीवर घेणारा डबा) घ्या म्हणतो, शेजारी इन्व्हर्टर बसवा म्हणतात. तुमचं कामही त्याच कॉम्प्युटरवर आणि मुलीचा क्लासही.

मी प्रतापनगर भागात राहते आणि पंधरा वर्षांपासून घरूनच डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम करते. विद्यार्थ्यांचे प्रबंध, स्मरणिका, लग्नपत्रिका. लाईन गेली की माझं काम जातं, म्हणून या विषयात मला लक्ष घालावंच लागलं. दोन यूपीएस, एक इन्व्हर्टर आणि सहा बॅटऱ्या वापरून झाल्यावर सांगते: आपल्या गावात व्हीएच्या आकड्याआधी बॅटरी बघा, आणि ती घरात कुठे ठेवणार ते बघा.

पण आधी ठरवा की लाईन गेल्यावर तुम्हाला नेमकं काय हवंय. फाईल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायचा, की काम तसंच चालू ठेवायचं? पहिल्यासाठी दहा मिनिटं पुरतात, दुसऱ्यासाठी दोन तासही कमी पडतात. या दोन गरजांची यंत्रं वेगळी आहेत. दुकानात बहुधा हा प्रश्न कोणी विचारत नाही, सरळ मोठा आकडा पुढे करतात.

व्हीए म्हणजे यूपीएस एका वेळी किती भार उचलू शकतो, एवढंच. तो भार किती वेळ उचलेल हे व्हीए सांगत नाही. खोक्यावर वॅटचा आकडा वेगळा छापलेला असतो, तो वाचा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. माझा कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून १२० वॅट घेतात. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर मिळतं, त्यावर मोजलंय. घरचा साधा डेस्कटॉप १०० ते १५० वॅटच्या आसपासच असतो, गेमिंगचं मोठं ग्राफिक कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे भाराच्या हिशोबाने ६०० व्हीए तुम्हाला पुरतो.

आता वेळ. लहान यूपीएसच्या पोटात बहुतेक १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी असते. एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. कागदावर ती ८४ वॅट-तास होते, म्हणजे १२० वॅटवर चाळीस मिनिटं मिळायला हवीत. मला नव्या बॅटरीवर सतरा-अठरा मिनिटं मिळाली. कारण ७ एएच हा आकडा वीस तास हळूहळू, जेमतेम पाव-अर्धा अँपिअर काढला तर खरा ठरतो. यूपीएस तिच्यातून एकदम बारा अँपिअर ओढतो. इतक्या ओढीला शिशाची बॅटरी जवळपास अर्धीच देते, आणि त्यातलंही थोडं यूपीएसमध्येच उष्णता होऊन जातं. म्हणून दुकानदाराला विचारा, १५०० व्हीएच्या या डब्यात बॅटऱ्या किती आणि प्रत्येक किती एएचची? दोन बॅटऱ्या असतील तर वेळ दुपटीहून थोडी जास्तच वाढते. एकच असेल तर तुम्ही फक्त मोठा आकडा विकत घेताय.

आता ऊन. यूपीएसमधल्या सीलबंद बॅटरीचं आयुष्य कंपन्या २५ अंश तापमान धरून सांगतात. त्यावर दर आठ-दहा अंशांना ते जवळपास निम्मं होतं. आपल्याकडे नवतपात, मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, बाहेर ४५-४६ अंश असतं आणि स्लॅबखालची खोली रात्री बारालाही थंड होत नाही. त्यात यूपीएस चोवीस तास चार्जिंगवर, स्वतःही थोडा गरम. माझा पहिला यूपीएस वरच्या खोलीत टेबलाखाली, भिंतीला चिकटून होता. चौदा महिन्यांत एका संध्याकाळी लाईन गेली आणि त्याच क्षणी कॉम्प्युटरही गेला. उघडून बघितलं तर बॅटरी फुगलेली, इतकी की डब्यातून ओढूनही निघेना. त्या संध्याकाळी एका मुलीच्या प्रबंधाची चाळीस पानं मी पुन्हा बसवली, दुसऱ्या दिवशी तिला तो जमा करायचा होता. दुसरा यूपीएस मी खालच्या उत्तरेकडच्या खोलीत ठेवला, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, चारही बाजूंनी चार बोटं जागा सोडून. तीच कंपनी, तेवढीच बॅटरी, आणि ती साडेतीन वर्षं चालली.

तुमचं घर वरच्या मजल्यावर आहे म्हणून हे विशेष सांगते. घरातली सगळ्यात कमी तापणारी भिंत शोधा. पश्चिमेची तर नकोच. कपाटात कोंडू नका. आणि कूलरच्या समोर ठेवू नका. हवा थंड असली तरी ती ओली असते, आणि बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर जसा कूलरच्या जाळीवर बसतो तसा ओलावा सर्किटवरही बसतो. कूलर एका बाजूला, यूपीएस दुसऱ्या बाजूला. खोलीचा गारवा त्याला आपोआप मिळतो.

उन्हाळ्यात इथे आणखी एक गोष्ट होते. संध्याकाळी सात-आठला घरोघरी कूलर आणि एसी लागले की व्होल्टेज उतरतं. २३० च्या जागी माझ्याकडे मीटरवर १८० दिसलेले आहेत. अगदी साधा ऑफलाईन यूपीएस एवढं उतरलेलं व्होल्टेज स्वीकारत नाही आणि बॅटरीवर जातो. पाच मिनिटांनी परत येतो, पुन्हा जातो. लाईन एकदाही न जाता बॅटरी रिकामी होते आणि मग लाईन खरंच गेली की ती हात वर करते. म्हणून लाईन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचा, एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सावरायची सोय) असलेलाच घ्या. तो बॅटरीला हात न लावता व्होल्टेज वर उचलून देतो. ऑनलाईन यूपीएस आलेली वीज सतत आधी डीसी आणि मग पुन्हा एसी करून देतो, दवाखान्यातल्या यंत्रांना तो लागतो. घरी तो महाग पडतो, त्याचा पंखा सारखा वाजतो आणि तो स्वतः जास्त तापतो. घेऊ नका.

लाईन गेल्यापासून बॅटरीवर यायला लाईन-इंटरॅक्टिव्हला काही मिलिसेकंद लागतात, दहाच्या आतच. कॉम्प्युटरचा चांगला एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) तेवढी कळ सहज काढतो. मात्र एसएमपीएसवर 'ॲक्टिव्ह पीएफसी' लिहिलं असेल तर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखी गुळगुळीत लहर देणारा यूपीएस बघा. स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर असे काही एसएमपीएस बंद पडतात.

आता राउटर, आणि इथे तुमचे पैसे सगळ्यात जास्त वसूल होतील. राउटर जेमतेम दहा वॅट खातो. त्याला मोठ्या यूपीएसवर टांगू नका. १२ व्होल्टचा मिनी-यूपीएस मिळतो, आत लिथियमचे सेल असतात, हाताएवढा डबा. त्यावर ८८०० एमएएच लिहिलं असेल तर ते सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेलं असतं, म्हणजे सुमारे ३२ वॅट-तास. दहा वॅटच्या राउटरला अडीच तास धरा. घेण्याआधी राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट किती अँपिअर लिहिलंय ते बघा, १, १.५ की २. मिनी-यूपीएस तेवढं देणारा हवा. पिनची जाडी आणि आतल्या टोकाचं प्लसचं चिन्हही जुळवून घ्या. फायबर असेल आणि कंपनीचा डबा वेगळा, राउटर वेगळा असेल तर दोघांनाही वीज लागेल. आणि तुमच्या इमारतीच्या जिन्यात इंटरनेटवाल्याचा स्विच लावलेला असेल तर त्याला बॅकअप आहे का ते त्याला विचारा. तो बंद पडला तर तुमचा राउटर नुसता दिवे दाखवेल. आमच्या जिन्यातल्या स्विचसाठी आम्ही चार बिऱ्हाडांनी वर्गणी काढून छोटी बॅटरी लावली, तेव्हापासून वादळातही नेट टिकतं.

मुलीच्या क्लाससाठी एक जुना, पण बॅटरी बरी असलेला लॅपटॉप मिळत असेल तर त्याचा विचार जरूर करा. लॅपटॉपच्या पोटात यूपीएस असतोच. लॅपटॉप आणि मिनी-यूपीएस मिळून दोन तासांचा क्लास निघतो, तो डेस्कटॉपच्या लहान यूपीएसवर निघणार नाही.

इन्व्हर्टर कधी? पंखे-दिवेही चालवायचे असतील आणि डेस्कटॉपवर दोन-तीन तास काम करायचंच असेल तेव्हा. १५० एएचची ट्युब्युलर (इन्व्हर्टरला लावतात ती, पाणी घालायची मोठी) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. दोन पंखे, दोन दिवे आणि कॉम्प्युटर मिळून ३०० वॅट धरले तर तूट वजा जाऊन साडेतीन-चार तास निघतात. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. मागे एक बटण असतं, कॉम्प्युटर असेल तर ते 'यूपीएस' वर ठेवा, नाहीतर लाईन जाताना कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. या बॅटरीचं वजन पन्नास-साठ किलो. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून खिडकीजवळ, देवघराच्या समईपासून आणि गॅसपासून लांब. आमच्याकडे पाणी बघायचं काम माझ्या सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलंय. उन्हाळ्यात दर महिन्याला, एरवी दोन-तीन महिन्यांनी ते डिस्टिल्ड वॉटर घालतात. नळाचं किंवा आरओचं पाणी घालू देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. जुना स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरीचा) इन्व्हर्टर घरी असेल तर त्याच्या पुढे यूपीएस लावू नका. पुष्कळ यूपीएस ती लहर ओळखतच नाहीत आणि आपली बॅटरी संपवून बंद होतात.

लिथियमच्या मोठ्या बॅटऱ्या हलक्या असतात आणि कितीतरी जास्त वेळा चार्ज होतात, पण त्यातल्या बहुतेकांना ४५ अंशांच्या वर तापमान असताना चार्ज करायचं नसतं. तुमच्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात हे आड येऊ शकतं. शिशाच्या यूपीएसमध्ये बॅटरी बदलून लिथियम टाकून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, दोघींचं चार्जिंग वेगळं असतं.

टीव्हीला बॅकअप नको, त्याला धोका जास्त व्होल्टेजचा. एका जूनमध्ये वादळात आमच्या गल्लीत फांदी पडून न्यूट्रलची (वीज परत नेणारी) तार तुटली. न्यूट्रल गेला की दोन घरांचा भार दोन फेजच्या मधे येतो आणि एखाद्या घरात ३०० च्या वर व्होल्ट चढतात. तीन घरांचे टीव्ही जळले. माझ्या यूपीएसचा फ्यूज गेला, आतला एक भाग काळा पडला, पण कॉम्प्युटर वाचला. तेव्हापासून वादळाची चिन्हं दिसली की टीव्हीचा प्लग काढून ठेवते. मेन बोर्डावर जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारं यंत्र इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतलंत तर उत्तम.

लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका. त्याचा रोलर तापताना क्षणभर आठशे-हजार वॅट ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद करतो. इंकजेट चालेल, पण गरज काय?

अर्थिंग तपासून घ्या, विशेषतः घर जुनं असेल तर. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. एप्रिलपासून आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी टाकायला सांगा.

तर तुमच्यासाठी माझा हिशोब असा: डेस्कटॉपला ६०० व्हीएचा लाईन-इंटरॅक्टिव्ह, किंवा अर्धा तास हवा असेल तर खरोखर दोन बॅटऱ्या असलेला १००० च्या आसपासचा, राउटरला वेगळा मिनी-यूपीएस. इन्व्हर्टर पुढच्या वर्षी, पंख्यांसाठी लागला तर. बर्डीच्या बाजारात घ्या की घराजवळ, डब्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक बघा. बॅटरीवरचीही तारीख बघा. डब्यावरची नव्हे, बॅटरीवरची. पत्र्याच्या गोदामात एक उन्हाळा काढलेली बॅटरी नवी असूनही म्हातारी असते. जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या, शिशाचे पैसे वळते करून देतात. भंगारवाल्याला देऊ नका, ते ॲसिड गटारात जातं.

घरी आणल्यावर पहिले दहा-बारा तास नुसता चार्ज होऊ द्या. मग कॉम्प्युटर न लावता जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावा, प्लग काढा आणि घड्याळ बघा. जेवढी मिनिटं मिळतील ती तारखेसकट पट्टीवर लिहून यूपीएसलाच चिकटवा. दर फेब्रुवारीत पुन्हा मोजा. निम्म्यावर आली असतील तर उन्हाळ्याआधीच बॅटरी बदलून टाका.