चिकट टोकं चिकट नसतात

प्रश्न असा आलाय की लायगेशनला, म्हणजे डीएनएचे तुकडे जोडण्याला, मराठीत 'बांधणी' म्हटलं तर चालेल का, आणि सोबत एक शंका, की कापलेल्या प्लाझ्मिडला (बॅक्टेरियातल्या डीएनएच्या छोट्या गोल कड्याला) फॉस्फेटेझ हे विकर (एन्झाइम) लावून टोकांवरचा फॉस्फेट काढला तर 'चिकट टोकांचा' चिकटपणाच जाणार नाही का.

आधी शंका घेतो कारण तिचं खापर मी शब्दावरच फोडणार आहे. कुणीतरी इंग्रजी 'स्टिकी एंड्स'मधल्या स्टिकीचं सरळ 'चिकट' केलं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे डिंक आला. तिथे डिंकबिंक काही नसतो. इको-आर-वन हे विकर डीएनएच्या अक्षरांच्या जीएएटीटीसी या क्रमात जी आणि ए यांच्यामधे कापतं, दोन्ही धाग्यांवर कापतं पण समोरासमोर नाही, त्यामुळे टोकाला एएटीटी अशी चार अक्षरांची एकेरी शेपटी लोंबत राहते आणि तशीच दुसरी शेपटी भेटली की ए-टी जोड्या जमतात. एवढंच. चार जोड्या म्हणजे ८ हायड्रोजन बंध, त्यांची पकड ती किती, जरा ऊब लागली की सुटतात, म्हणून तर लायगेशन १६ अंशांवर रात्रभर ठेवायची पद्धत पडली. यात फॉस्फेटचं काहीच काम नाही. तो लागतो नंतर, लायगेझ हे जोडणारं विकर शेजारशेजारचे, एका धाग्याच्या ५ प्राइम टोकाचा फॉस्फेट आणि दुसऱ्याच्या ३ प्राइम टोकाचं हायड्रॉक्सिल, कायमचे जोडतं तेव्हा. म्हणून फॉस्फेट काढलेल्या वेक्टरची (म्हणजे त्या प्लाझ्मिडची) दोन टोकं एकमेकांना भेटतात खरी पण पक्की होत नाहीत, इन्सर्ट (त्यात घालायचा डीएनएचा तुकडा) मात्र आपला फॉस्फेट घेऊन येतो त्यामुळे त्याचं जमून जातं. (तरी प्रत्येक जोडावर एका धाग्यात चीर राहतेच, ती पुढे बॅक्टेरिया बुजवतो.) अर्थात फॉस्फेटेझ आधी नीट घालवलं नसेल तर ते इन्सर्टचाही फॉस्फेट खातं आणि मग बसा बोंबलत.

तेव्हा मी 'जुळती टोकं' म्हणेन. शेपटी नसलेल्या ब्लंट टोकांना 'बोथट' म्हणतात तेही मला खटकतं, बोथट होते सुरी, धार गेली की. स्मा-वन या दुसऱ्या विकराने कापलेल्या टोकाची धार वगैरे गेलेली नसते, दोन्ही धागे एका रेषेत संपतात इतकंच, मग सरळ 'सपाट' म्हणा ना.

आता बांधणी. मूळ लॅटिन धातूचा अर्थ बांधणं हाच आहे आणि शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी दोऱ्याने बांधतात त्यालाही लायगेशनच म्हणतात, म्हणजे कोशाप्रमाणे तुमचं चूक नाही. पण मराठीत मोळी बांधतात, गाठोडं बांधतात, आणि बांधलेलं सोडताही येतं. इथे तुटलेला धागा पुन्हा अखंड होतो, मोडलेलं हाड सांधतं तसा. म्हणून 'सांधणी', आणि लायगेझला 'सांधक'. सोनार दागिन्याला डाग देतो ते खरं तर याहून जवळचं, आधी टोकं भिडवायची मग पक्की करायची, पण 'डीएनएला डाग दिला' लिहिलं तर लोक कपडे धुवायच्या गोष्टी करतील.

वेक्टर, इन्सर्ट, फॉस्फेटेझ यांना मी हात लावणार नाही, ते आहेत तसेच बरे.