ॲक्टर सिस्टीममध्ये लॉगिंग आणि डिपेन्डन्सी इंजेक्शन कसं आणावं?

अक्का डॉट नेट या लायब्ररीतल्या ॲक्टरला (मेसेज एकेक करून हाताळणाऱ्या ऑब्जेक्टला) लॉगर आणि डीबीकॉन्टेक्स्ट (एंटिटी फ्रेमवर्कचा डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) दोन्ही कंटेनरमधून, म्हणजे लागणारे ऑब्जेक्ट बनवून बाहेरून पुरवणाऱ्या यंत्रणेतून, द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. लॉगरबद्दल माझा फारसा हट्ट नाही. डीबीकॉन्टेक्स्ट मात्र कन्स्ट्रक्टरमध्ये अजिबात घेऊ नका.

याच मुद्द्यावर आमच्या आर्किटेक्टशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यांचं म्हणणं, वेब कंट्रोलरमध्ये जसं करतो तसंच इथे करायचं, सगळीकडे एकच पॅटर्न हवा. अहो, कंट्रोलर एका रिक्वेस्टपुरता जगतो. आमचा ऑर्डरचा ॲक्टर सिस्टीम बंद होईपर्यंत जगायचा, म्हणजे ‘स्कोप्ड’ (एका कामापुरतं जगणारं) नुसतं नावाला. मी रिव्ह्यूमध्ये हे लिहिलं, तर साहेबांनी उत्तर न देता कमेंट ‘रिझॉल्व्ह’ करून टाकली. पुढे व्हायचं तेच झालं. डीबीकॉन्टेक्स्टमधला चेंज ट्रॅकर वाचलेली प्रत्येक एंटिटी (डेटाबेसमधली नोंद) धरून बसला आणि मेमरी चढत गेली. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या सर्व्हिसने बदललेली ऑर्डर आम्हाला जुन्याच स्टेटसने दिसायची, कारण क्वेरी पुन्हा मारली तरी आधीच ट्रॅक केलेला ऑब्जेक्टच परत मिळतो. प्रोसेस रीस्टार्ट केली की सगळं आलबेल, म्हणून दोष गार्बेज कलेक्टरवर (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्यावर) ढकलला गेला! शेवटी डीबीकॉन्टेक्स्टऐवजी स्कोप फॅक्टरी (हवा तेव्हा नवा स्कोप बनवून देणारा ऑब्जेक्ट) इंजेक्ट करून प्रत्येक मेसेजला नवा स्कोप उघडायचा आणि काम झालं की डिस्पोझ करायचा, हेच करावं लागलं. कमिटवर शीर्षक काय, तर ‘परफॉर्मन्स सुधारणा’.

लॉगिंगचं म्हणाल तर ॲक्टरच्या स्वतःच्या कॉन्टेक्स्टचा लॉगर वापरा. ॲक्टरचा पाथ आपोआप येतो, आणि लिहिण्याचं काम इव्हेंट स्ट्रीममधून (सिस्टीमच्या आतल्या मेसेज-प्रवाहातून) वेगळं होत असल्याने ॲक्टर डिस्कसाठी अडत नाही. कोरिलेशन आयडी (एकाच कामाच्या सगळ्या लॉग-ओळी जोडणारा क्रमांक) मात्र मेसेजमध्येच घाला. पाठवणाऱ्याचा कॉन्टेक्स्ट मेलबॉक्स (ॲक्टरची मेसेजची रांग) ओलांडून पोचेल यावर विसंबू नका, नाहीतर एका ऑर्डरच्या लॉगवर दुसरीचाच आयडी.

हां, ॲक्टर एकाच कामापुरता जन्मून मरत असेल, तर कन्स्ट्रक्टरमध्येच एक स्कोप उघडून त्यातला डीबीकॉन्टेक्स्ट घेतला तरी चालून जाईल, पण पोस्टस्टॉपमध्ये (ॲक्टर थांबताना चालणाऱ्या मेथडमध्ये) तो स्कोप डिस्पोझ करायला विसरू नका. थ्रेड-सेफ सिंगलटन (सगळ्यांनी एकाच वेळी वापरली तरी चालणारी एकमेव प्रत) असेल तर कन्स्ट्रक्टरमध्ये बिनधास्त द्या.

आणि ‘टेस्टिंगसाठी कंटेनर हवाच’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आमच्याकडे तेही ऐकवलं गेलं होतं. प्रॉप्स (ॲक्टर कसा बनवायचा याची कृती) बनवताना फेक ऑब्जेक्ट हाताने देता येतो आणि उत्तर तपासायला अक्काच्या टेस्टकिटचा प्रोब (मेसेज पकडणारा चाचणीचा ॲक्टर) आहेच.