वाचक विचारतात : कॉमर्सची पदवी आणि ओजेटीचे १२० तास

प्रश्न : मुलगी बारावी वाणिज्यला आहे. बीएमएसला (मॅनेजमेंटची पदवी) सीईटी लागते असं एक कॉलेज सांगतं, लागत नाही असं दुसरं. खरं काय? की सरळ बी.कॉम.ला घालावी?
— पालक, मालवण

उत्तर : दोन्ही कॉलेजं खरं बोलत असतील. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांची प्रवेश परीक्षा सुरू केली. त्यानंतर अनेक कॉलेजांनी जवळपास तेच विषय ‘बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज’ या नावाखाली ठेवले. त्याला ही सीईटी नाही. तेव्हा फाटकावरच्या फलकावर जाऊ नका, माहितीपत्रकात पदवीचं पूर्ण नाव काय छापलंय ते वाचा.

वर्गातल्या शिकवण्यात फार फरक नाही, फीमध्ये मात्र पडू शकतो. राज्याच्या २०२४ च्या निर्णयाप्रमाणे ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत फेरीतूनच व्हायला हवा. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी शिष्यवृत्ती पाहणाऱ्या लिपिकाला गाठा आणि ही पदवी त्यात बसते का, ते स्पष्ट विचारून घ्या. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर आत्ताच काढायला टाका. निकालानंतर तहसीलला रांग लागते आणि नेमका तिथेच प्रवेश अडतो.

सीएचा विचार असेल तर साधं बी.कॉम. पुरे. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असले की फाउंडेशन परीक्षा न देता इंटरमीजिएटला थेट नोंदणी होते.

प्रश्न : सहाव्या सत्रात ४ क्रेडिटची ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आहे. जागा स्वतः शोधा म्हणतात. काका आंबा पॅकिंगला बोलावतायत, जाऊ का?
— विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : मार्चमध्ये जाणार असाल तर नको. हंगामात तिथे शिकवायला कुणालाच सवड नसते, तुम्ही पेट्या मोजत बसाल. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास, रोज ६ तास धरले तर २० दिवस. एवढ्या दिवसांत एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायला मिळेल अशी जागा हवी.

आमच्या मते जीएसटीचं काम करणारं करसल्लागाराचं ऑफिस सगळ्यात बरं. फेब्रुवारीच्या १ तारखेला रुजू व्हा. पहिला आठवडा जानेवारीची बिलं चढवण्यात जातो. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १४ तारखेला २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या खरेदीचा तक्ता) दिसायला लागतो आणि २० तारखेपर्यंत ३बी (कर भरण्याचं विवरण). रविवार सोडले तरी तुमचे २० दिवस २३-२४ तारखेला भरतात आणि एक अख्खं चक्र हाताखालून जातं. महिन्याच्या मध्यावर गेलात तर निम्मंच दिसेल. एक मात्र आधी विचारा : दरमहा विवरण भरणारे पक्षकार किती? ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही विवरणाची मुभा आहे आणि आपल्याकडचे बरेच दुकानदार त्यातच मोडतात.

चुका कुठे होतात तेही बघून ठेवा. खरेदीचं बिल हातात असतं, पण पुरवठादाराने ते त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेलं नसतं. मग २बीमध्ये ते येत नाही आणि त्या महिन्याचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकतं. दुसरी चूक सिंधुदुर्गात नेहमीची : माल गोव्याच्या व्यापाऱ्याला विकला आणि बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विक्रीचा कर) लावला. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्र २७ आणि गोवा ३०. माल गोव्यात जाणार असेल तर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा कर).

कॉस्टिंगची आवड असेल तर काजू कारखानाही उत्तम. ४ किलो बियांतून साधारण १ किलो गर निघतो, त्यातही अख्खा किती आणि तुकडा किती यावर सगळा नफा. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात सुमारे ३२० गर, हा आकडा वाढेल तसा गर बारीक. बी घेताना ओल्या वजनाची नोंद होते, वाळवल्यावर वजन घटतं आणि ती घट नोंदवली नाही तर कॉम्प्युटरमधला साठा गोदामापेक्षा जास्त दिसतो. याचा महिन्याचा तक्ता करून दाखवलात की प्रकल्प अहवाल तयार.

रोजच्या रोज डायरी लिहा आणि सही त्याच दिवशी घ्या. शेवटी एकदम मागितलेल्या सह्यांसाठी साहेब भेटत नाहीत. अहवालात पक्षकारांची नावं घालू नका.

प्रश्न : बी.कॉम. आणि टॅलीचं सर्टिफिकेट आहे, तरी मुलाखतीत बाद. काय कमी पडतं?
— वाचक, चिपळूण

उत्तर : बहुधा समोर कागद ठेवला की हात अडतो. बागायतदाराची वाशीच्या बाजारातून आलेली पट्टी (विक्रीचा हिशेब) घ्या. समजा विक्री ५०,०००, भाडं-हमाली-तोलाई वजा ८,०००, बँकेत जमा ४२,०००. नवखा विक्री ४२,००० लिहून मोकळा होतो. विक्री ५०,००० आणि खर्च ८,००० वेगळे दिसले पाहिजेत. ओळखीच्या दुकानातली एका महिन्याची बिलं मागून घ्या, स्वतः चढवा, बँक जुळवणी पत्रक काढा, मग तीच यादी एक्सेलमध्ये घेऊन पिव्होट टेबलने पक्षकारनिहाय बेरीज करा. फरक एक रुपयाचा आला तरी सोडू नका, बहुतेकदा एखादं बिल दोनदा चढलेलं असतं.