वाचकांचे प्रश्न : आधी दार, मग वूफर

प्रश्न : माझ्याकडे जुनी पेट्रोल हॅचबॅक असून खानापूरहून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी मी तिनेच ये-जा करतो. कंपनीच्या डेकवर पुढच्या दारांतील दोनच स्पीकर चालतात. आवाज वाढवला की तो फाटतो आणि अभंगातील पखवाज तर ऐकूच येत नाही. एका दुकानात १००० वॅटची बास ट्यूब (डिकीत ठेवायचा, खालचे सूर वाजवणारा नळीच्या आकाराचा स्पीकर) बसवण्याचा सल्ला मिळाला. मी वायरमनचे काम शिकलेलो असल्याने सर्व जोडणी स्वतः करण्याची इच्छा आहे. २५,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. सुरुवात कशापासून करावी, आणि बॅटरी मोठी घ्यावी लागेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : बास ट्यूबचा विचार सध्या बाजूला ठेवावा. आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ पुढच्या दारांत आणि डेकच्या मर्यादित ताकदीत आहे. डिकीत काहीही आणून ठेवले तरी त्या तक्रारी राहतीलच.

डेकच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असले तरी तो क्षणिक कमाल शक्तीचा आकडा असतो. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात आणि साध्या डेकमध्ये हे व्होल्टेज वाढवणारे सर्किट नसते. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजासाठी हिशेबाने फार तर २६ वॅट मिळू शकतात, आणि प्रत्यक्षात वीसेक वॅटच्या पुढे ध्वनिलहरींचे माथे कापले जाऊ लागतात. आपल्याला ऐकू येणारे फाटणे बहुधा तेच आहे. म्हणून कोणतीही वस्तू घेताना केवळ ‘आरएमएस’ वॅटचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा, आकडा वाचावा आणि तो छापलेलाच नसेल तर ती वस्तू घेऊ नये.

आता दाराकडे वळू. स्पीकरचा पडदा पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो, आणि या दोन लहरी एकमेकींना मिळाल्या की खालचे सूर परस्परांना खोडून काढतात. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोके असतात व त्यांवर केवळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, त्यामुळे कंपनीच्या दारात नेमके हेच घडते. ती भोके पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने किंवा तशाच टणक वस्तूने बंद करून त्यावर ब्युटिल रबराची डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणारी शीट, लावावी. बाहेरच्या पत्र्याला आतून पाव ते एक तृतीयांश भागावर शीट पुरते. सगळा पत्रा मढवण्याचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात बसणारा नाही व त्याची गरजही नाही. पत्रा आधी थिनरने पुसून शीट रोलरने दाबून बसवावी. डांबराची स्वस्त शीट घेऊ नये, कारण उन्हात ती मऊ पडते आणि वासही सोडते.

खानापूर तालुक्यातील पाऊस आपल्याला सांगायला नको. काचेवरचे पाणी दाराच्या आत उतरून तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. ती छिद्रे शीटने कदापि बुजवू नयेत आणि जुना प्लॅस्टिकचा कागद काढला असेल, तर त्याच्या जागी पाणी अडवणारा थर राहील याची खात्री करावी. स्पीकर दारावर बसवण्यासाठी त्याखाली लागणारी रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) घेणेही टाळावे, कारण दोन पावसाळ्यांत ती फुगण्याची शक्यता असते. उद्यमबागेत लेथ चालवणाऱ्या एखाद्या परिचिताकडून अ‍ॅल्युमिनियमची रिंग कातून घेता आली तर उत्तमच; ही सोय इतर गावांतील वाचकांना सहज मिळत नाही. रिंगची जाडी ठरवण्यापूर्वी काच पूर्ण खाली घेऊन स्पीकरच्या जागेपासून काचेपर्यंतचे अंतर मोजावे. साडेसहा इंची स्पीकरचे चुंबक काचेला घासले, तर सगळेच काम पुन्हा करावे लागेल.

यानंतर ४ ओहमला प्रत्येकी ५० वॅट आरएमएस देणारा चार चॅनेलचा (स्पीकरसाठी चार स्वतंत्र वाटा असलेला) क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा, अँप्लिफायर पाहावा. पुढचे दोन चॅनेल दारांतील स्पीकरना द्यावेत. मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, पुढे कधी लहान सबवूफर (केवळ खालच्या सुरांचा स्पीकर) जोडता येईल, तेव्हा नवा अँप्लिफायर लागणार नाही. सबवूफरसह एकूण २५० वॅट धरले व कार्यक्षमता ८० टक्के मानली, तर १३.८ व्होल्टवर सुमारे २३ अँपिअर प्रवाह लागतो, तोही संगीताच्या शिखरांपुरताच. त्यासाठी मोठी बॅटरी नको. असलेली सुस्थितीत आहे का, एवढे तपासावे. खऱ्या १००० वॅटला याच हिशेबाने ९० अँपिअर लागतील, आणि लहान गाडीच्या अल्टरनेटरकडून इतकी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर वापरावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असल्याने तीच जाडी पुरत नाही. बॅटरीच्या धन टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर वाटेत कुठे पत्र्याला लागली, तर आगीपासून वाचवतो तो हा फ्यूजच. इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यातून वायर रबरी ग्रोमेटमधूनच (भोकाच्या धारेवर बसणाऱ्या कड्यातूनच) आणावी. काम सुरू करण्यापूर्वी ऋण टोक सोडवून ठेवावे. पिवळ्या आवरणाच्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. डेकमागे मूळ वायरी न कापता तयार कपलर लावावा, म्हणजे उद्या गाडी विकताना मूळ डेक परत बसवता येईल.

शेवटी अँप्लिफायरचा गेन. तो आवाजाचे बटण नसून डेकच्या सिग्नलशी मेळ घालण्याची सोय आहे. डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून, बास व ट्रेबल शून्यावर आणून, फाटणे सुरू होईपर्यंत गेन हळूहळू वाढवावा आणि तिथून थोडा मागे घ्यावा. दारांतील स्पीकरना ७० ते ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारी सोय) लावावा. पखवाजाचा घुमार एवढ्याने ऐकू येईल असे मला वाटते. नाही आला, तरच सबवूफरवर पैसे घालावेत.

प्रश्न : मी अँप्लिफायर स्वतः बसवला, परंतु इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतो. काय करावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : अँप्लिफायर बंद करून त्याच्याकडे डेकचा सिग्नल आणणारे आरसीए प्लग काढावेत आणि इंजिन चालू ठेवून तो पुन्हा सुरू करावा. शिट्टी थांबली, तर ती डेकच्या बाजूने किंवा आरसीए केबलमधून येत आहे; अशा वेळी ती केबल पॉवरच्या वायरपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी आणि डेकचे अर्थिंग तपासावे. शिट्टी तशीच राहिली, तर अँप्लिफायरच्या अर्थिंगच्या ठिकाणचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आखूड वायरने घट्ट बोल्ट लावावा. फिल्टर विकत घेण्याची घाई त्यानंतरही करू नये.