चिठ्ठीत एक गोळी, हातात दुसरी

प्रश्न : माझ्या चोवीस वर्षांच्या मुलाला ओसीडी आहे. घरातली मोठी माणसं मंत्रचळ म्हणतात. दोन वर्षं तो फ्लुवोक्सामिन घेतोय. डॉक्टर चिठ्ठीवर ब्रँडचं नाव लिहितात. गेल्या महिन्यात नेहमीच्या मेडिकलवाल्याने न विचारता दुसऱ्याच कंपनीच्या गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत मुलाचं हात धुणं पुन्हा वाढलं. विचारलं तर म्हणतो, "जेनेरिक आहे, कंटेंट तोच. स्वस्त पडलं ना?" बिल दिलेलं नाही. दीर म्हणतात, पाच लाखांचा दावा ठोका. काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, रागाच्या भरात गोळी बंद करू नका. ही औषधं एकदम थांबवली की चक्कर, बेचैनी, झोपेचे हाल होतात. जुनी-नवी दोन्ही स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांचं निरीक्षण केसपेपरवर तारखेसह लिहून घ्या.

आता मेडिकलवाल्याचं. त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. फ्लुवोक्सामिनचं पेटंट संपून जमाना लोटला. डॉक्टर लिहितात तो ब्रँडही बहुधा नाव देऊन विकलेलं जेनेरिकच असेल. त्यामुळे 'जेनेरिकमुळे आजार उलटला' एवढ्यावर ग्राहक आयोगात गेलात तर अडचण होईल. ओसीडी कमी-जास्त होतच असतो. समोरचा वकील परीक्षेचा ताण काढेल, जागरण काढेल, चुकलेला डोस काढेल. तज्ज्ञ डॉक्टरांच्या मताशिवाय तो मुद्दा टिकणार नाही.

तुमची बाजू भक्कम आहे ती दुसरीकडे : गोळी बदलायचं ठरवलं कोणी? फ्लुवोक्सामिन शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत येतं. औषध नियम 1945 मधला नियम 65(11अ) सांगतो की चिठ्ठीवर शेड्यूल एचचं औषध असेल, तर विक्रेत्याने त्याऐवजी दुसरं उत्पादन द्यायचं नाही, घटक तोच असला तरीही. 'कंटेंट तोच' ही पळवाट नियमानेच बुजवली आहे. डॉक्टरांनी जेनेरिक नावाने, म्हणजे ब्रँडऐवजी घटकाच्या नावाने लिहावं असं वैद्यकीय आचारसंहिता म्हणते, असंही तो सांगेल. ते बंधन डॉक्टरांवर आहे. त्यातून दुकानदाराला चिठ्ठी दुरुस्त करायचा अधिकार मिळत नाही.

एक गोष्ट आजच बघा. जुन्या स्ट्रिपवर नावापुढे 'सीआर' आहे का, आणि नव्यावर? सीआर म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी. तिच्या जागी साधी दिली असेल, तर मिलिग्रॅम तेवढेच असूनही कंटेंट तोच म्हणण्यात अर्थ उरत नाही आणि डॉक्टरांचं मतही तुमच्या बाजूने झुकेल.

पुरावा मात्र विस्कळीत आहे. दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतात आणि बॅच नंबर नेमका त्यांच्याकडच्या तुकड्यावर राहतो. तुमच्याकडचा तुकडा टाकू नका, उरलेल्या गोळ्याही. मोबाइलवरून पैसे दिले असतील तर ती नोंद जपा. चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता, तारीख नोंदवणं विक्रेत्याचं कामच आहे. सहसा कोणी करत नाही, पण शिक्का असेल तर सोन्याहून पिवळं. शिवाय बिल आता मागा, तेही लेखी.

मग सांगलीला अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे (औषधे) तक्रार द्या. नियम 66 खाली ते कारणे दाखवा नोटीस काढून परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात. गोळीच्या दर्जाबद्दल शंका असेल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 26 नुसार फी भरून ती सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देता येते. अहवाल चांगला आला म्हणून खचू नका. बदली दिल्याचा दोष त्याने पुसला जात नाही.

दिरांना सांगा, जिल्हा ग्राहक आयोगात फी दाव्याच्या रकमेवर नसते, वस्तूला मोजलेल्या किमतीवर असते. तुमच्या बाबतीत फी शून्य. पाच लाख लिहायला काही पडत नाही, मिळवायला पुरावा लागतो. औषधाचे पैसे, डॉक्टरांच्या जादा भेटींचा खर्च आणि मनस्तापाची माफक रक्कम मागा. मुदत दोन वर्षांची आहे, वकील लागतोच असं नाही.

पण आयोगाच्या कागदांत मुलाचं निदान येणार. तो सज्ञान आहे, तेव्हा अर्ज करण्याआधी त्याला विचारा. तो नको म्हणाला, तर प्रशासनाकडच्या तक्रारीवर थांबा. खरेदी तुम्ही केलीत, त्यामुळे ही तक्रार तुमच्या नावाने होते आणि तिथे 'शेड्यूल एचचं औषध' एवढं लिहिलं तरी चालतं. स्वस्त गोळीच हवी असेल, तर डॉक्टरांकडून चिठ्ठी जेनेरिक नावाने लिहून घ्या. सीआर हवी की साधी, तेही त्यात स्पष्ट असू द्या.