आजोबांकडून आलेला हिरव्या-तपकिरी झिलईचा चिनी घोडा खरंच तांग काळातला आहे का, हे घरी कसं ओळखायचं?

रंग नंतर बघा. तुम्ही वर्णन फक्त झिलईचं दिलंय आणि नक्कल करणाऱ्याला सगळ्यात सोपी तीच जाते. आधी मऊ टॉवेलवर घोडा आडवा करा. पाय धरून उचलू नका, जुने सांधे तिथेच निखळतात.

चीनमधल्या तांग घराण्याच्या काळात (६१८–९०७) हे घोडे-उंट थडग्यात ठेवायला बनत. ऐन बहर सातव्या शतकाच्या अखेरीपासून सेनापती आन लुशानच्या ७५५ च्या बंडापर्यंत. अर्ध्या-अर्ध्या साच्यांत माती बोटांनी दाबायची, पाय-डोकं वेगळं करून पातळ मातीने जोडायचं, अशी पद्धत. पोटाखाली सहसा भोक असतं. त्यातून टॉर्च मारा. बोटांचे ठसे, कमी-जास्त जाडी, सांध्यावर लिंपलेली माती दिसली तर पुढे जायला हरकत नाही. आतून सगळीकडे सारखं गुळगुळीत असेल, तर पातळ माती साच्यात ओतून केलेला आधुनिक माल समजा. अर्थात ठसे आहेत म्हणून खरा, असंही नाही. चीनमधल्या लोयांग शहराकडचे चांगले नक्कलकार तेही करतात.

मग तळ. उघडी माती पांढुरकी, पिवळसर किंवा गुलाबीसर असते. कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा, अस्सल मातीत तो मुरतो. कपबशीसारखा वर तसाच राहिला तर शंका घ्या.

आता झिलई. ती शिशाची: तांब्याने हिरवी, लोखंडाने तपकिरी-पिवळी, महागड्या कोबाल्टने निळी. आधी कोरी माती १००० अंशांच्या वर भाजत, मग झिलई लावून त्याहून कमी आचेवर पुन्हा. ही झिलई वितळून ओघळते, म्हणून रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. थंड होताना ती मातीपेक्षा जास्त आकसते, त्यामुळे भिंगाखाली अगदी बारीक तड्यांचं जाळं दिसतं. जमिनीत राहून आलेली चंदेरी झाक हिरव्यावर जास्त आणि तुकड्या-तुकड्यांत असते. अंगभर एकसारखा मंदपणा बहुधा जुनं भासवायला लावलेल्या ॲसिडचा.

इतकं जमलं तर प्रयोगशाळेत थर्मोल्युमिनेसन्स चाचणी करून घ्या; नमुना तापवून त्यातून निघणारा प्रकाश मोजतात. शेवटची भट्टी कधी लागली ते त्यात कळतं. नमुना धडातून आणि पायातून, असा दोन ठिकाणचा घ्यायला सांगा; जुना तुकडा बसवून बाकी नवं अंग जोडण्याची चलाखी जुनी आहे. तोवर घोडा धुऊ नका. स्वार असेल तर त्याच्या चेहऱ्यावर झिलई नसते, भाजल्यानंतर दिलेला रंग असतो आणि तो पाण्याने जातो.